पाठ पांढरी, पाय पिवळे

‘या साडीत डोंगर चढणार व्हय गं तू?’

गुणाबाई सपकाळांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी, आई आणि मामा त्यांच्या ओसरीवर नुकतेच टेकलो होतो. माझ्या अंगावर आईची ठेवणीतली नारायणपेठी होती, केसांत अबोलीचा गजरा आणि पायांत नव्याकोऱ्या चपला. मुलगी दाखवायला आणली म्हणजे एवढा थाट असायचाच. गुणाबाई मात्र लुगडं वर खोचून, खांद्याला कापडी पिशवी अडकवून, हातात काठी घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, असलं काही न विचारता त्या थेट साडीवर घसरल्या.

‘आत जुनं पातळ काढून ठेवलंय, ते नेस. चपला बी राहू देत. भानूचे बूट घाल. वर निसरडं हाय.’

आई मला आत घेऊन गेली आणि निऱ्या खोचता खोचता कानाशी लागली. ‘शैला, तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. आज तोंडाला कुलूप लावायचं. त्या म्हणतील त्याला हो म्हणायचं. उन्हाला चांदणं म्हणाल्या तरी हो.’

‘आणि चुकीचं असलं तरी?’

‘या तुझ्या “चुकीचं असलं तरी”नंच चार स्थळं घालवलीत,’ आई म्हणाली. ‘पाचवं घालवू नकोस.’

तिचं काही खोटं नव्हतं. मी साताऱ्याच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि ते ज्ञान माझ्या पोटात राहत नसे. एका स्थळाचे काका केळीच्या झाडाविषयी बोलायला लागले, तेव्हा केळ हे झाड नव्हेच, रोप आहे, असं मी पोह्यांची बशी पुढे करता करता सांगितलं होतं. त्यांनी पोहे खाल्ले आणि निरोप पाठवला नाही.

भानुदासची गोष्ट वेगळी होती. तो मधपाळांच्या सोसायटीत कामाला होता आणि आमच्या कॉलेजात मधमाश्यांची पेटी घेऊन प्रदर्शनाला आला होता. एका फुलाचं शास्त्रीय नाव त्यानं चुकीचं सांगितलं. मी मागच्या रांगेतून ते दुरुस्त केलं. त्यानं खिशातलं पेन काढलं, ते नाव तळहातावर लिहून घेतलं आणि विचारलं, ‘अजून काय चुकलं?’ उघड सांगते, मला तो तिथंच आवडला. महिन्याभरात तो आणि त्याचे वडील, तात्या, आमच्या घरी येऊन पसंती सांगून गेले. पण शेवटचा शब्द त्याच्या आईचा होता आणि ती आलीच नव्हती. तिनं निरोप धाडला होता, की गौरी-गणपती उरकले की पोरीला मोरवंडला घेऊन या, सकाळी माझ्याबरोबर पठारावर पेट्या बघायला येऊ दे, मग काय ते सांगते.

मामांनी चौकशी केली होती. गेल्या दोन वर्षांत दोन मुली गुणाबाईंबरोबर त्या पठारावर जाऊन आल्या होत्या. दोघींनाही संध्याकाळच्या आत नकार गेला होता. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं, भानुदासलासुद्धा.

मी पातळ नेसून बाहेर आले तेव्हा तो ओसरीच्या कोपऱ्यात लाकडी चौकोनी खोक्यांवरची धूळ पुसत बसला होता. बारा खोकी होती. ‘आज चढवायची का गं आई?’ त्यानं विचारलं.

‘वर जाऊन बघते. सोनकी फुलली असंल तर दुपारी घेऊन या.’

मधमाश्यांच्या पेटीचा खालचा भाग म्हणजे त्यांचं राहतं घर. तिथं राणी अंडी घालते, पिल्लं वाढतात. रानात फुलांचा सुकाळ झाला, की मध साठवायला त्यावर आणखी एक मजला चढवतात. तो लवकर चढवला तर धुक्याचा गारठा रिकाम्या खोलीत शिरतो आणि खालची पिल्लं मरतात. उशीर केला तर दाटी होऊन निम्म्या माश्या घर सोडून उडून जातात. मोरवंडात हा दिवस सोनकीच्या पिवळ्या फुलांवर ठरायचा आणि तो गुणाबाई ठरवायच्या. त्यांनी मजला चढवला की दुसऱ्या दिवशी सारं गाव चढवायचं. वीस वर्षं असंच चाललं होतं.

पठाराची वाट अंगावर येणारी होती. शेवाळलेल्या एका खडकाशी मी मागं वळून म्हटलं, ‘आत्या, हात देऊ का?’

‘मी काय म्हातारी झाले?’ काठी आपटत त्या माझ्या पुढे निघून गेल्या. कुठला दगड हलतो आणि कुठला नाही, हे त्यांच्या पायांना पाठ होतं. पिशवीतून जुन्या वर्तमानपत्राची गुंडाळी डोकावत होती. वर बसायला घेतलं असेल, असं मला वाटलं.

भिवाईच्या पठारावर पोचलो आणि मी आईची शपथ, गजरा, लग्न, सगळं विसरले. पाऊस आठ दिवस उघडला होता. काळ्या कातळावर जिथं बोटभर माती होती तिथं फुलं होती. तेरड्याचे गुलाबी पट्टे, गेंदाची पांढरी बटणं, ओलसर खोलगट जागी सीतेची आसवं. तीन वर्षं मी ही फुलं कागदात दाबलेली, वाळलेली बघितली होती. इथं ती हलत होती.

‘हे काय?’ गुणाबाईंनी काठीनं दाखवलं.

‘तेरडा. म्हणजे इम्पेशन्स, त्यातही ही जात...’ मी जीभ चावली. ‘तेरडा.’

‘तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणत्यात. आमच्या माश्यांस्नी महिनाभर पुरतो. आता त्याच्यावर कोण बसलंय ते सांग.’

‘कोण म्हणजे?’

‘आता घ्या! फुलाचं नाव पाठ आणि पाहुण्याचा पत्ता न्हाई. बस खाली. बघ.’

मी उकिडवी बसले. कॉलेजात आम्ही फुलं दाबण्याआधी त्यांवरचे किडे झटकून टाकायचो, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध. ‘मधमाशी आहे,’ मी सांगितलं.

त्या वाकल्यासुद्धा नाहीत. कान जरा कलता केला. ‘न्हाई. आवाज लई बारीक हाय. मधीच हवेत थांबती का बघ.’

थांबत होती. पान न पान हलत असताना ती मात्र जागच्या जागी हवेत टांगल्यासारखी स्थिर राहायची.

‘बसली की पंख मोज.’

दोनच होते. मधमाशीला चार असतात, हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि पाच गुण मिळवले होते.

‘ती सोंगाडी माशी. आमच्या माशीचं सोंग घेती, म्हंजे पाखरं भिऊन खात न्हाईत. तू बी फसलीस.’

‘एवढ्या लांबून तुम्हाला ऐकू आलं?’

‘मग कान काय देवानं झुमके घालाया दिल्यात?’

मला त्या बाई आवडायला लागल्या होत्या. पुढच्या तेरड्यावर खरी मधमाशी आली, गावात जिला सातेरी म्हणतात ती, आणि मी ओरडलेच. ‘आत्या, हिची पाठ पांढरी आहे! पिठात लोळल्यासारखी. वेगळी जात असेल!’

त्या खो खो हसल्या. ‘जात कसली? तेरडा आपलं पीठ छताला ठेवतो. माशी आत शिरली की पाठ माखती. सोनकीचं पीठ पायाला लागतं, पिवळंजर्द. आमची सारी विद्या एवढीच बघ. पेटीच्या दारात बसायचं आणि येणारणीला इचारायचं, पाठ पांढरी की पाय पिवळे? पाठ पांढरी हाय तवर थांबायचं. पाय पिवळे झाले की मजला.’

पराग फुलात कुठं असतो त्यावर तो किड्याच्या कुठल्या अंगाला लागणार, हे पुस्तकात एक वाक्य होतं. मी ते तीन वेळा पाठ केलं होतं. ते असं पांढरं होऊन समोरून उडत गेलेलं पहिल्यांदाच बघत होते.

मग आमची जोडी जमली. त्या विचारायच्या, मी बसून बघायची आणि सांगायची. आभाळीच्या केसाळ निळ्या फुलांवर एक गुबगुबीत माशी घोंघावत होती. पोटावर निळे पट्टे आहेत, एका फुलावर क्षणभरही टिकत नाही, असं मी सांगितलं. ‘ती एकटी राहती,’ गुणाबाई म्हणाल्या. ‘मातीत बीळ करून. मध देत न्हाई, पण काही फुलं तिच्याबिगर उघडत न्हाईत.’ मी त्यांना सीतेच्या आसवांचं गुपित सांगितलं. वर इवलंसं जांभळं फूल, पण खाली चिखलात बारीक पिशव्या असतात आणि त्यात पाण्यातले जीव ओढून ते रोप त्यांना खातं.

‘वर पाहुणचार आणि खाली शिकार!’ त्यांना ते फार आवडलं. ‘आमच्या तात्यांच्या एका चुलतीचं घर असंच होतं.’

एकच गोष्ट मला जराशी खटकत होती. फुलाकडे बघताना त्या मान तिरकी करायच्या, फुलाच्या पलीकडे कुणी उभं असावं तशा. आणि रंग प्रत्येक वेळी मलाच विचारायच्या. मी मनात म्हटलं, परीक्षाच ती, मास्तर उत्तर कशाला सांगतील?

पठाराच्या पलीकडच्या अंगाला वारा सुटला होता. कानात तो एवढा भरला की एकमेकींशी ओरडून बोलावं लागत होतं. उतार चढून वर आलो आणि गुणाबाई थबकल्या. समोर सगळी उतरण पिवळी झाली होती.

‘फुलली!’ त्यांनी काठी वर केली. त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा उजळला होता. ‘सोनकी फुलली बघ! यंदा आठ दिस लवकरच आली. दुपारी चढवू मजले.’

मी बघितलं. सोनकी शेवंतीच्या घराण्यातली, तिचं फूल म्हणजे छोटं पिवळं चाक. समोर होती ती कवल्याची फुलं. कवल्याची पालेभाजी मी लहानपणापासून खात आले होते. पिवळीच, पण वाटाण्याच्या घराण्यातली, मधे दोन तांबडे ठिपके असलेली. दहा हातांवरून कुणालाही कळावं इतका फरक.

‘फुलली न्हवं?’ त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं.

आईचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. मग भानुदासचा तळहात आला. ज्यांनी सोंगाडी माशी आवाजावरून ओळखली त्यांना कवला कळणार नाही असं होईल का? गमतीनं म्हणत असतील, किंवा इथं कवल्यालाच सोनकी म्हणत असतील. मला ते स्थळ हवं होतं आणि कारणं लगेच सुचत होती.

‘हो, आत्या,’ मी म्हटलं.

बारा पेट्या कड्याच्या अलीकडे, दगडी गडग्याच्या आडोशाला मांडल्या होत्या. तिथं वारा लागत नव्हता. गुणाबाईंनी पोत्याच्या चिंध्यांचा धूर केला, तिसऱ्या पेटीचं झाकण उघडलं आणि हातमोजे वगैरे काही न घालता पोळ्याची एक चौकट अलगद वर उचलली. तिच्यावर माश्या होत्या, पण फार नव्हत्या. त्यांनी चौकट डोळ्यांजवळ नेली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

‘ही पेटी बिनराणीची झाली,’ त्या म्हणाल्या. ‘पावसात राणी गेली असंल. अंडीच न्हाईत. अशी पेटी महिन्यात मरती. हिला चौथीत जोडू.’ आणि त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्र काढलं. दोन पेट्या एकावर एक ठेवायच्या, मधे हा कागद घालायचा. दोन्हीकडच्या माश्या तो हळूहळू कुरतडतात आणि कागद संपेतो त्यांचा वास एक झालेला असतो, मग भांडण होत नाही.

‘पण दोन्ही पेट्यांत राणी असली तर?’ मी विचारलं.

‘तर एक मरती. म्हणून आधी अंडी बघायची. धर ही चौकट. घरं रिकामी हायती न्हवं?’

‘हो’ माझ्या जिभेच्या टोकावर तयारच होतं. मधमाश्यांतलं मला काय कळत होतं? वीस वर्षं पेट्या सांभाळणाऱ्या बाई सांगत होत्या आणि मी अर्ध्या तासापूर्वी पंख मोजायला शिकले होते. पण चौकट हातात होती म्हणून मी नीट बघितलं. तेवढ्यात माझ्या पाठीमागून ऊन आलं आणि पोळ्याच्या घरांच्या तळापर्यंत पोचलं. प्रत्येक घराच्या तळाशी काहीतरी पांढरं, रव्याच्या कणाहून बारीक, उभं होतं.

आईची शपथ मला त्या क्षणी आठवली आणि मी ती मोडली.

‘आत्या, थांबा. आहेत.’

‘काय हायत?’

‘अंडी. म्हणजे, मी कधी बघितलेली नाहीत. पण पांढरं काहीतरी उभं आहे, तळाला चिकटलेलं.’

‘एका घरात किती?’ त्यांचा आवाज एकदम बदलला होता.

‘एकेकच.’

‘मधोमध का कडेला? नीट बघून सांग.’

‘अगदी मधोमध. सगळ्या घरांत. आत्या, ही शेकड्यांनी आहेत!’

गुणाबाईंनी माझ्या हातातली चौकट घेतली, हातांनी जागा चाचपत पेटीत परत ठेवली, झाकण लावलं आणि गडग्याच्या एका दगडावर बसल्या. वर्तमानपत्र त्यांच्या मांडीवर होतं. ते त्या उगाच घडी करत राहिल्या.

‘एका घरात एकच अंडं, ते बी मधोमध, म्हंजे राणी हाय,’ त्या म्हणाल्या. ‘चांगली हाय. मी मारली असती.’

मी त्यांच्या पुढ्यात जाऊन बसले. त्यांनी मान तिरकी केली, तशीच, आणि मला तेव्हा कळलं.

‘तुम्हाला दिसत नाही,’ मी म्हटलं.

‘मधलं गेलंय. कडेचं दिसतं. तुझा गजरा दिसतो, तोंड न्हाई दिसत.’ त्यांनी ते अगदी साधेपणानं सांगितलं. ‘साताऱ्याला जाऊन आले एकटीच. घरी बियाणं आणाया जाते म्हणाले. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं हाय, गेलेलं परत येत न्हाई, असं म्हणला डाक्टर.’

‘घरात कुणालाच माहीत नाही?’

‘तात्यांचा गुडघा धरतो, ते वर येत न्हाईत. भानू आठवड्याचे पाच दिस तालुक्याला. कुणाला कळायचंय? घर मला पाठ हाय, वाट पाठ हाय.’ त्या थांबल्या. ‘मागच्या साली एक पोरगी आली होती. तिला असंच इचारलं, घरं रिकामी हायती न्हवं? हो आत्या, म्हणाली. गोड पोरगी होती. मी पेट्या जोडल्या. चौथ्या दिशी पेटीच्या दाराशी हात फिरवला तर लांब पोटाची राणी मरून पडलेली. तिच्या आदलीनं तर चौकट हातात धरलीच न्हाई.’

‘म्हणजे ही परीक्षाच होती.’

‘परीक्षा कसली गं? मला कुठं दिसत होतं? मला डोळे पाहिजे होते.’

मला लाज वाटत होती, आणि ती सांगितल्याशिवाय जाणार नव्हती.

‘आत्या, मघाची ती सोनकी नव्हती. कवला होता.’

वर्तमानपत्राची घडी थांबली. ‘मग हो का म्हणालीस?’

‘आईनं शपथ घातली होती.’

‘म्हंजे तू बी त्यातलीच.’

‘निम्मी,’ मी म्हटलं. ‘राणीवर आलं तेव्हा जमलं नाही.’

त्यांनी मला पळत पाठवून एक डहाळी आणवली. बोटांनी पानं मोजली, फुलाची घडी उलगडली, नाकाशी नेली. ‘कवलाच,’ त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ‘वाऱ्यानं कान भरले होते. आणि मला लई वाटत होतं, की सोनकी असावी. बारा पेट्यांत गारठा घातला असता मी आज. माझ्या मागनं साऱ्या गावानं घातला असता.’ मीही रडले. ज्यांना दोन तासांपूर्वी ओळखतही नव्हते त्या बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवून रडले आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

परतताना, पठार संपून वाट उतरू लागते तिथं त्या थांबल्या.

‘हे बघ शैला. तू पसंत हाईस. खाली गेल्या गेल्या सांगते. सोनकीचं मी निभावून नेते, बेत बदलला म्हणून. तू माझे डोळे हो. दोघी मिळून चालवू. कुणाला कळायचं न्हाई.’

मला हवं होतं ते सगळं त्या देत होत्या. भानुदास, हे पठार, या पेट्या. मला फक्त एकदा हो म्हणायचं होतं, आणि हो म्हणण्याची सकाळपासून मला सवयही झाली होती.

‘नाही, आत्या.’

‘का?’

‘एकदा हो म्हटलं तर कवल्याची सोनकी झाली. आयुष्यभर म्हटलं तर काय होईल? मी चार दिवस तापानं पडले तर तुमच्या पेट्या कोण बघणार? वाटेत एखादा दगड हलला तर? घरच्यांना कळायला हवं. तुम्ही सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन.’

‘मग लगीन मोडलं समज.’

‘समजले,’ मी म्हटलं. मी पुढे होऊन उतरू लागले. शेवाळलेल्या खडकाशी मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

ओसरीवर सगळे वाट बघत होते. भानुदासनं खोकी दोरीनं बांधून तयार ठेवली होती. आईनं माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि पदर सावरून पिशवी जवळ ओढली. तिला कळून चुकलं होतं.

‘चढवायची ना गं?’ भानुदासनं दोरी उचलत विचारलं.

गुणाबाईंनी ओसरीचा खांब धरला. मी मनात दहा आकडे मोजायचे ठरवले. दहानंतर मी बोलणार होते. सातपर्यंत पोचले.

‘न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘सोनकी फुलली न्हाई. कवला हाय.’

‘मग दोरी सोडतो.’

‘मला ती सोनकी वाटली होती, भानू.’

तात्या हसले. ‘तुला? कवला आणि सोनकी?’

‘मला दिसत न्हाई. दोन सालं झाली.’

भानुदासच्या हातातून दोरी सुटली आणि वरचं एक खोकं गडगडत अंगणात गेलं. तात्या उठायला गेले, पण गुडघ्यानं उठू दिलं नाही. तसेच हात लांबवून बसले. ‘अगं, म्हणजे काय? आणि आम्हांला...’

‘नंतर रागवा,’ गुणाबाई म्हणाल्या. ‘आधी पाव्हण्यांचं बघू.’ त्यांनी मान तिरकी करून आईला शोधलं. ‘बाई, तुमची पोरगी लई उलट बोलती.’

आईनं हात जोडले. ‘चुकलं तिचं. घरात लाडकी, त्यामुळं जिभेला हाड नाही. पदरात घ्या म्हणायचं तरी तोंड नाही आम्हांला.’

‘मी तिला म्हणलं, गप बस, सून करते. तर न्हाई म्हणाली. माझ्या तोंडावर.’

‘चुकलं तिचं,’ आई पुन्हा म्हणाली. ती आता रडकुंडीला आली होती.

‘चुकलं न्हाई,’ गुणाबाई म्हणाल्या. ‘कवा पाठवताय?’

आम्ही दिवाळीनंतर लग्न केलं. सोनकी त्याआधीच, मी पठारावर गेले त्यानंतर अकरा दिवसांनी, फुलली. मामांबरोबर पुन्हा मोरवंडला येऊन ती मी बघितली, सांगितली, आणि गावानं मजले चढवले. पुढची सव्वीस वर्षं भाद्रपद लागला की आत्या रोज सकाळी पेट्यांजवळच्या दगडावर बसायच्या आणि विचारायच्या, ‘पाठ पांढरी की पाय पिवळे?’ त्यांचं कडेचं दिसणंही हळूहळू गेलं, तरी प्रश्न तोच होता. आमचं भांडणही पुष्कळ झालं. मला केळीवरून बोलायची सवय होती आणि त्यांना ऐकून घ्यायची नव्हती. पण माझं उत्तर त्यांनी कधी दुसऱ्या कुणाला विचारून बघितलं नाही.

शेवटच्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. पाऊस लांबला होता. डॉक्टरांनी भानुदासला बाजूला घेऊन आज-उद्याचं सांगितलं होतं. मी पेट्या बघून खोलीत आले तेव्हा सगळे त्यांच्या भोवती बसले होते. माझ्या पावलांचा आवाज ऐकून त्यांनी डोळे उघडले.

‘पाठ पांढरी की पाय पिवळे?’

भानुदासनं माझ्याकडे बघितलं. पाय पिवळे झाले असं सांग, सुखानं जाऊ दे तिला, असं म्हणतोय ते मला कळलं. खोलीतल्या प्रत्येकाला तेच हवं होतं आणि मलाही हवं होतं.

‘पाठ पांढरीच आहे, आत्या,’ मी म्हटलं. ‘सोनकीला अजून अवकाश आहे.’

त्या जराशा हसल्या. चाचपत माझा हात शोधला आणि घट्ट धरला.

‘मग थांबते,’ म्हणाल्या.

आणि थांबल्या. मी पाय पिवळे झाल्याचं सांगेपर्यंत, नऊ दिवस.